मेमूनं विदर्भ: बडनेरा ते दरेकसा

डिसेंबरच्या सुरुवातीला मामाला घेऊन विदर्भात फिरून आलो, आणि सगळा प्रवास मेमूनं केला. ठरवलं एवढंच होतं की एक्स्प्रेसमध्ये बसायचं नाही, आपली खेड्यातली माणसं रोज ज्या गाडीत बसतात तिच्यातच बसायचं अन् जिथं मन होईल तिथं उतरायचं. मामा मूळचा मोर्शीकडचा, पण नोकरी सगळी मुंबईत गेली, रिटायर होईपर्यंत डोंबिवली ते व्हीटी लोकलनं येणं-जाणं केलं. मेमूत मात्र कधीच बसला नव्हता.

ज्यांना मेमू माहीत नाही त्यांच्यासाठी आधीच सांगतो. ही मुंबईच्या लोकलच्याच जातीची विजेची गाडी, पण लांबच्या मेन लाईनवर धावणारी. पुढं वेगळं इंजिन जोडलेलं नसतं, मोटरा गाडीच्याच डब्यांखाली असतात आणि दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असते, त्यामुळं शेवटच्या स्टेशनवर इंजिन काढा, फिरवा, परत लावा ही भानगडच नाही, ड्रायव्हर या टोकाचा त्या टोकाला गेला की गाडी उलटी निघाली. दर सात-आठ किलोमीटरवर थांबायचं असेल तर थांबल्यावर लगेच वेग घेणारी गाडी लागते आणि तिथंच मेमू जुन्या इंजिनवाल्या पॅसेंजरला मागं टाकते. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. मेमू चालते २५ हजार व्होल्ट एसीवर, आणि आता मुंबईची लोकलही त्याच विजेवर आलेली आहे.

गुरुवार, बडनेरा ते नरखेड

बडनेऱ्याला सकाळी चांगलीच थंडी होती. स्टेशनबाहेर तर्री टाकून पोहे खाल्ले, तिकीट यूटीएस अ‍ॅपवर काढलं आणि चढलो. ही बडनेरा-नरखेड लाईन १३८ किलोमीटरची, तशी अलीकडचीच, आणि अमरावती जिल्ह्याच्या संत्रापट्ट्यातून जाते.

मामाचं लक्ष सगळ्यात आधी गेलं संडासाकडं. मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो, इतकी वर्षं पोटाची काळजी करत प्रवास केलेल्या माणसाला त्याचं अप्रूप वाटणारच. मग पायऱ्या. मुंबईत प्लॅटफॉर्म उंच, डब्याच्या फरशीच्या लेव्हलला, म्हणून लोकलला पायऱ्याच नसतात. आपल्याकडं हॉल्टवर प्लॅटफॉर्म बुटका असतो म्हणून मेमूला पायऱ्या दिल्यात. तरी म्हाताऱ्या माणसाला त्या जडच जातात. वलगावला एक आजी आल्या, आधी त्यांची थैली वर गेली, मग कॉलेजच्या दोन पोरांनी "दे माय हात" म्हणत दोन्ही बाजूंनी धरून त्यांना वर घेतलं, कोणी कोणाला सांगितलं नाही, तोपर्यंत गाडी सुटायची शिट्टीही झाली होती. प्लॅटफॉर्म उंच करायची कामं आधी अशा हॉल्टवर व्हायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, मोठ्या स्टेशनवर तर लिफ्टपण असते.

डब्यात सकाळी सगळे अपडाऊनवाले. अमरावतीत राहायचं अन् चांदूरबाजार, मोर्शीला नोकरी. शाळेचे मास्तर, बँकेतले, तहसीलमधले. सगळ्यांच्या जागा ठरलेल्या, आणि एखादा आला नाही तर "आज सर नाही दिसून राहिले, तब्येत बरी हाय न?" अशी चौकशी. आम्ही नेमके अशाच एका ठरलेल्या जागेवर बसलो होतो, पण कोणी उठवलं नाही, उलट सरकून डब्यातला उपमा पुढं केला.

रिद्धपूरला एक मुलगी उतरली, तिथल्या मराठी भाषा विद्यापीठात शिकते. गोविंदप्रभूंचं हे गाव, म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथंच लिहिलं, महानुभावांसाठी तर हे फार मोठं ठिकाण, आणि तरी रिद्धपूरला रेल्वेनं जाता येतं हे आपल्याच भागातल्या कितीतरी लोकांना माहीत नाही. एक्स्प्रेसनं जाणाऱ्याला कळणार कसं, या असल्या स्टेशनावर थांबते ती हीच गाडी.

मोर्शी आलं तसा मामा दारात जाऊन उभा राहिला. तो लहान असताना इथं रेल्वे नव्हती, अमरावतीला जायचं तर यष्टीच. आता त्याच शिवारातून विजेची गाडी जाते, एका बाजूला तूर दाटलेली, दुसरीकडं कपाशीची शेवटची वेचणी चाललेली. "माया बापानं हे पाहाले पाहिजे होतं" एवढंच बोलला आणि बराच वेळ दारातच राहिला.

मोर्शीच्या पुढं समोरच्या काकांनी विचारलं, "कुठी चालले भाऊ?"

"वरुडले. संत्र्याचे बगीचे पाहाले."

"मंग आमच्याच इथं या न. स्टेशनावर पोराची गाडी येऊन रायली. जेवून जा."

मुलीला अमरावतीच्या होस्टेलवर सोडून ते परत चालले होते. आम्ही गेलो. स्टेशनच्या पाटीवर नाव आहे 'वरुड ऑरेंज सिटी', आणि बाहेर पडलं की नाव खरं वाटतं, क्रेट घेऊन ट्रॅक्टर, मिनीट्रक, सगळं नारंगी.

बगीच्यात झाडं लदलेली होती, खालच्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. काका मात्र आनंदात नव्हते. पावसाळ्यात फळगळ झाली, त्यातून वाचलं ते हे. पाण्याचं तर विचारूच नका म्हणे. "बोअर हजार फूट नेला, नुसता फुफाटा निघाला. शेजारच्यानं त्याहून खाली नेला, त्याले पाणी लागलं अन् माया जुन्या बोअरचं गेलं." वरुडकडं भूजलाचा उपसा इतका झालाय की सरकारी भाषेत हा भाग अतिशोषित आहे. वरून बांगलादेशानं संत्र्यावरची आयात ड्युटी वाढवली, तिकडं जाणारा माल अडला, आणि त्याचा दणका इथल्या भावाला. मी ऐकत होतो आणि हातात त्याच झाडाचं संत्रं होतं, इतकं गोड की काय बोलावं सुचेना.

जेवायला वहिनींनी सोले-वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि कढी केली होती. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे, हा माल याच दिवसांत मिळतो. मुंबईच्या मामाने भाकरी किती खाल्ल्या ते मोजलं नाही पण वहिनी खुश झाल्या.

या लाईनवर जाणार असाल तर दोन गोष्टी. दिवसातून गाड्या मोजक्याच आहेत, एक सोडली की संध्याकाळपर्यंत दुसरी नाही असं धरून चला, त्यामुळं सकाळच्या गाडीनं जाऊन मध्ये उतरायचं अन् संध्याकाळच्या गाडीनं पुढं जायचं हे बरं पडतं. आणि संत्र्याचे हंगाम, म्हणजे बहार, दोन: आंबिया बहाराची फळं नोव्हेंबर ते जानेवारी, मृग बहाराची साधारण फेब्रुवारीपासून पुढं. बगीचा बघायचा असेल तर मालकाला विचारूनच आत जा, तोडणीच्या दिवसांत त्यांचं डोकं कामात असतं.

संध्याकाळी नरखेडची मेमू धरली. पुसल्याच्या पुढं वर्धा नदी येते आणि पलीकडं मोवाड. डब्यातले एक बाबा खिडकीकडं बघत बोलायला लागले. ३० जुलै १९९१ ला वर्धेला पूर आला आणि मोवाड गाव वाहून गेलं, दोनशेच्या वर माणसं गेली. ते तेव्हा तरणे होते. पाणी पहाटे आलं, ओरडायला वेळ मिळाला नाही असं सांगत होते. डब्यात मोबाईलवर गाणी वाजत होती ती एका पोरानं आपणहून बंद केली. नरखेडला उतरताना बाबांनी मामाला नमस्कार केला, मामानं त्यांचे हात धरले.

नरखेडहून काटोल, कळमेश्वर करत रात्री नागपूर. अंधार होता, दमलो होतो, विशेष काही नाही.

शुक्रवार, इतवारी ते मुंडीकोटा

नागपूरचं इतवारी स्टेशन म्हणजे पूर्व विदर्भाचं दार. गोंदियाकडच्या मेमू इथून सुटतात. बाजार करायला आलेले, दवाखान्यात आलेले, मिस्त्रीकाम करणारे, सगळे इथूनच परततात. आधी इथून नागभीडची छोटी गाडीपण जायची, नॅरोगेज, ती २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद केली. आमच्या बाजूला बसलेले उमरेडचे एक गृहस्थ त्या गाडीची आठवण काढत होते, ते सांगत होते की ती चालत्या गाडीतून उतरून शेतात जाता येईल इतकी हळू जायची, पण आमची होती.

आमचा रेक नवीन होता, आठ डब्यांचा, टोकाचे दोन डबे मोटरचे. मामा सगळं तपासत होता. गाडी स्टेशनात शिरताना ब्रेक लागतो तेव्हा याच मोटरा उलटं काम करतात, वीज तयार होते अन् वरच्या तारेत परत जाते, हे मी त्याला सांगितलं. त्याच्या जुन्या डीसी लोकलमध्ये ती ऊर्जा नुसती उष्णता होऊन जायची. दर थोड्या वेळानं ब्रेक लावणाऱ्या गाडीत हे किती कामाचं आहे ते त्याला लगेच पटलं, मग प्रत्येक स्टेशन आलं की कान देऊन मोटरचा आवाज उतरताना ऐकायचा.

कामठी, कन्हानचा पूल, चाचेर, तारसा. कन्हान ओलांडली की हवाच बदलते. कापूस संपतो, धान सुरू होतं. डिसेंबरात कापणी होऊन बांध्या मोकळ्या, कडेला धानाचे पुंजणे रचलेले, कुठं मळणीयंत्राचा भुसा उडत असलेला.

खातला उतरणाऱ्या एका सिस्टर आमच्यासमोर होत्या. राहतात नागपुरात, नोकरी स्टेशनपासून आत असलेल्या उपकेंद्रात. महिन्याचा पास काढतात. मी विचारलं की ताई, ही गाडी नसती तर? त्यांना ते माहीतच होतं, कारण २०२० च्या मार्चमध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या तेव्हा ड्युटी तर बंद नव्हती. कधी दुधाच्या गाडीत, कधी भावाच्या मोटारसायकलवर, लसीचा डबा मांडीवर. नंतर गाड्या आल्या तर कमीत कमी तिकीट तीस रुपये झालेलं, मजुरांना ते जमायचं नाही, डबा अर्धा रिकामा जायचा. २०२४ च्या फेब्रुवारीत ते परत दहा रुपयांवर आलं. "त्या दिवशी गाडीत पहिल्यासारखी गर्दी झाली जी," असं म्हणताना त्या अगदी हसून बोलल्या. उभं राहून प्रवास करावा लागल्याचा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. तिकीट वीस रुपयांनी कमी होणं म्हणजे काय हे रोजीवर जाणाऱ्या बाईला विचारावं, दोन्हीकडचे मिळून चाळीस रुपये होतात.

भंडारा रोडला (हे स्टेशन वरठीला आहे, भंडारा शहर तिथून वेगळं, ऑटो करावा लागतो) ढीवर समाजाच्या दोन बाया टोपल्या घेऊन चढल्या. उकडलेले शिंगाडे! काळे, गरम, वर ओलं फडकं टाकलेलं. भंडारा-गोंदियात जिकडं बघाल तिकडं जुने मालगुजारी तलाव, त्यात मासे आणि शिंगाडे. दातानं टोक तोडायचं, सोलायचं, आतलं पांढरं पिठूळ खायचं. मामानं एक पाव घेतले, मग परत घेतले. बाई म्हणाली, "कमरेवढ्या पान्यात उभं राहून काढतो जी, हात पाहा." हात खरंच सोललेले होते, शिंगाड्याला काटे असतात. आम्ही भाव केला नाही आणि तुम्हीपण करू नका.

तुमसर रोडला उतरून चहा घेतला. हे गाव देव्हाडी. इथून तिरोडीकडं फाटा जातो, डोंगरी बुजुर्ग, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणी त्याच बाजूला. डोंगरीचं मँगनीज बॅटरीच्या सेलमध्ये जातं. त्या बाजूनं आलेल्या कामगारांच्या कपड्यांवर बारीक काळी धूळ होती. ती लाईन वेळ काढून करायची आहे.

पुढच्या मेमूनं वैनगंगा ओलांडून मुंडीकोट्याला उतरलो. मामाचा मुंबईतला एक जुना सोबती इथून जवळच्या खेड्यात राहतो, त्याच्याकडं मुक्काम. रात्री भात, तलावातल्या मासोळीचा रस्सा, लाखोळीची भाजी. आणि जेवण झाल्यावर ते म्हणाले, "झोपता कायले जी, गावात नाटक आहे."

झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याचं नाटक मी ऐकून होतो, बघितलं नव्हतं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागली की होळीपर्यंत या भागात गावोगाव नाटकं होतात, रात्रभर चालणारी, आणि वडसा म्हणजे देसाईगंज हे या कंपन्यांचं मुख्य गाव. उघड्या मैदानात मंडप, थंडी अशी की लोकं घरून घोंगड्या, चादरी घेऊन आलेले, आजूबाजूच्या गावांतून पाहुणे आलेले, लेकी माहेरी आलेल्या. ऑर्गन, तबला, मध्ये लावणी, मध्ये असा विनोद की शेजारची आजी माझ्या पाठीवर थापा मारून हसत होती. आणि पहाटे बापलेकीचा एक प्रसंग होता तेव्हा तीच आजी पदर डोळ्याला लावून बसलेली. मुंबईत मामानं नाट्यगृहात भरपूर नाटकं पाहिली आहेत. इथं तो शेवटपर्यंत जागचा हलला नाही. तिकीट काढून हजारो माणसं रात्रभर नाटक बघतात असा प्रदेश आपल्या राज्यात आहे, आणि त्याची पुण्या-मुंबईकडं फारशी चर्चा नाही, याचं मला वाईट वाटतं.

टिप: नाटकाची तारीख गावातल्या बॅनरवरून किंवा ओळखीच्या माणसाकडूनच कळते. स्वेटरच्या वर जाड चादर पाहिजेच, नुसत्या स्वेटरनं भागत नाही.

शनिवार, गोंदिया आणि दरेकसा

नाटक सुटलं आणि अर्धं पब्लिक सरळ स्टेशनवर. सकाळच्या मेमूत बसल्याबरोबर सगळे झोपले, एकमेकांच्या खांद्यावर, पोरं मांडीवर. धुकं होतं. तिरोड्याला वीज केंद्राच्या चिमण्या धुक्यातून वर आल्या, ३३०० मेगावॅटचं केंद्र आहे ते. काचेवानी, गंगाझरी आणि गोंदिया.

गोंदियाला प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं उभं राहिलं की मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगडी सगळं कानावर पडतं. तिथून दुर्गकडं जाणारी मेमू घेतली. आमगाव, सालेकसा, आणि मग शेतं मागं पडून डोंगर जवळ यायला लागतात. सागाचं, बांबूचं जंगल, लाईन वळणं घेते, हवा एकदम गार. दरेकसाला आम्ही धरून मोजकीच माणसं उतरली.

हाजरा धबधबा स्टेशनपासून चालत जाण्यासारखा आहे. डिसेंबरात पाणी कमी असतं, खरा बघायचा तो पावसाळ्यात, पण आम्हाला जंगलातून चालायला मिळालं तेच पुष्कळ. वाटेत शिंदीचे फडे (झाडू) डोक्यावर घेतलेल्या तीन बाया भेटल्या, सालेकशाच्या बाजारात विकायला चाललेल्या. त्यातल्या मोठ्या बाईनं "जय सेवा" म्हटलं, हा गोंड लोकांचा नमस्कार, मामानं "जय सेवा" म्हणून हात जोडले. त्यांच्याकडून कचारगडची माहिती कळली. ही गुहा याच डोंगरात आहे, गोंड समाजाचं पवित्र स्थान, माघ पौर्णिमेला मोठी यात्रा भरते अन् दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. त्या म्हणाल्या की तेव्हा गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तरी सगळे मेमूनंच येतात, कारण इथं येणाऱ्याला दुसरं परवडतं काय. जायचं असेल तर पायताण चांगलं घाला, चढ आहे, आणि ते लोकांच्या श्रद्धेचं ठिकाण आहे हे ध्यानात ठेवून वागा.

खायला दरेकसाला फारसं काही मिळत नाही. गोंदियाहून डबा आणि पाणी सोबत घेतलेलं बरं.

रविवार, परत

परतीला गंगाझरीच्या अलीकडं गाडी बराच वेळ सिग्नलला उभी राहिली. आधी एक एक्स्प्रेस गेली, मग कोळशाची लांबच लांब मालगाडी, मग आणखी एक एक्स्प्रेस. मुंबईत एवढा वेळ लोकल थांबली तर लोक रुळावर उतरतात, इथं पत्त्याचा डाव सुरू झाला, कोणीतरी फुटाणे काढले, एका आजीनं मामाला नागपुरात तिच्या नातवासाठी मुलगी बघायला सांगितली. पण मामा गप्प होता. म्हणाला, "यांचा वेळ वेळ नाही का?" नागपूर-राजनांदगाव तिसऱ्या लाईनचं काम चालू आहे, ती पूर्ण झाली की मेमूला बाजूला उभं करायची वेळ कमी येईल अशी आशा आहे. तोपर्यंत तुम्हाला सांगतो, मेमूवरून पुढची रिझर्व्हेशनवाली गाडी धरायची असेल तर मध्ये चांगले दोन-तीन तास ठेवा, आणि सुट्टीच्या दिवशी काही मेमू धावत नाहीत, आदल्या रात्री अ‍ॅपवर गाडी आहे की नाही ते बघूनच निघा. गर्दी टाळायची तर सकाळी नागपूरकडं येणारी आणि संध्याकाळी नागपूरहून सुटणारी गाडी सोडा. मधल्या डब्यांत जागा लवकर मिळते, लोकं जिन्याजवळच्या डब्यातच घुसतात.

आता गोंदिया-बल्लारशा लाईन करायची आहे, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल करत चांदा फोर्टपर्यंत, बरंच जंगल लागतं. मामा म्हणतो होळीच्या आधीच जाऊ, नाटकं चालू असेपर्यंत. त्या लाईनवर रोज अपडाऊन करणारं कोणी असेल तर सांगा, मध्ये एक मुक्काम करायचा झाला तर नागभीडला उतरलेलं बरं की वडशाला?